पोटातल्या गोळ्याचं गणित

रोलरकोस्टरमधून उतरलेली माणसं काय बोलतात, ते ऐकण्यासारखं असतं. "मेलो होतो रे", "परत जाऊया", "माझा चष्मा कुठंय". "वक्रता किती हळुवार बदलत होती, नाही?" असं म्हणणारं कोणी आजवर कोणाच्या ऐकिवात नाही. पण ज्या माणसाने तुम्हाला वर नेलं, खाली सोडलं, उलटं टांगलं आणि मानेत लचकही न भरू देता परत फलाटावर आणून ठेवलं, त्याची निम्मी हयात या एकाच गोष्टीपायी गेलेली असते. वक्रता किती वेगाने बदलायची, याचा हिशेब. उंचीचं काय, पैसे ओतले की ती मिळते. उंचीवरून पडलं की वेग फुकटात मिळतो. अडतं ते वळणाच्या सुरुवातीला.

या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव वेर्नर श्टेंगेल. जन्म २२ ऑगस्ट १९३६, जर्मनीतल्या बोखुम या कोळशाच्या शहरातला. म्युनिकमध्ये अभियांत्रिकी शिकलेले श्टेंगेल १९६३च्या सुमारास आंतोन श्वार्त्सकोप्फ नावाच्या कारखानदारासाठी आकडेमोड करू लागले आणि १९६५ मध्ये त्यांनी स्वतःचं कार्यालय थाटलं. या कार्यालयाने हात लावलेल्या रोलरकोस्टरची संख्या पुढे पाचशेच्या वर गेली. तरीही रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे नाव माहीत असण्याचं काही कारण नाही. पाटीवर बागेचं नाव असतं, फार तर डब्याच्या कोपऱ्यात कारखान्याचं. आपल्याकडे इमारतीच्या जाहिरातीत बिल्डर झळकतो, आर्किटेक्टचा फोटो येतो आणि स्लॅब ज्याच्या सहीवर उभा आहे तो आरसीसी कन्सल्टंट कुठेच नसतो, तशातली गत.

श्टेंगेल यांनी नेमकं काय केलं हे कळायचं, तर आधी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला जावं लागतं. तिथे १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसन यांनी 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. पाच सेंटचं तिकीट, सायकलीइतका वेग आणि समोर समुद्र. लोकांनी झुंबड केली. मग दहा-अकरा वर्षांतच कोणाच्या तरी डोक्यात येणार होतं ते आलं: रूळच गोल फिरवून माणसाला उलटं का करू नये? १८९५ मध्ये तिथेच 'फ्लिप फ्लॅप' उभी राहिली. रुळाचा वर्तुळाकार वेढा जेमतेम २५ फूट व्यासाचा. गाडी पडत नव्हती, गाडीचं ठीक चाललं होतं. माना दुखावत होत्या. काही वर्षांतच तो प्रकार बंद पडला. १९०१ मध्ये शेजारीच 'लूप द लूप' आली. तिच्या वेढ्याला थोडा लांबट आकार दिला होता, त्यामुळे त्रास कमी झाला, पण बसायला तयार होणाऱ्यांपेक्षा बघे जास्त. पुढे पाऊणशे वर्षं या वाटेला फारसं कोणी गेलं नाही.

माना का दुखावल्या याचं गणित अकरावीच्या पुस्तकातलं आहे आणि ते इथे केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. वेढा शुद्ध वर्तुळाचा धरा. सगळ्यात वरच्या बिंदूवर माणूस आसनातून सुटू नये, निदान अधांतरी तरी राहावा, एवढा किमान वेग गाडीला हवा. तिथे तेवढा वेग उरायचा असेल, तर खाली आत शिरताना किती हवा? ऊर्जेचा हिशेब मांडला की उत्तर येतं: तळाशी माणसाला स्वतःचं वजन सहापट वाटतं. ७० किलोचा माणूस क्षणभर ४२० किलोचा. आणि गंमत अशी, की या हिशेबात त्रिज्या कापली जाते. वर्तुळ २५ फुटांचं करा नाहीतर अडीचशे फुटांचं, तळाचे सहा काही बदलत नाहीत. म्हणजे मोठा वेढा बांधून प्रश्न सुटत नाही. शिवाय हे वजन हळूहळू चढत नाही. सपाट रूळ संपून वर्तुळ जिथे सुरू होतं, त्या सांध्यावर एकपटीचं एकदम सहापट. मानेचे स्नायू सावरायच्या आतच.

मग उरतो तो आकार. आत शिरताना त्रिज्या मोठी ठेवायची, म्हणजे वेग जास्त असला तरी दाब कमी. वर जाता जाता त्रिज्या लहान करत न्यायची, म्हणजे वेग मंदावला तरी माणूस आसनाला धरून राहतो. अशा वेढ्याचा आकार वर घट्ट वळलेला, खाली सैल होतो, उलट्या थेंबासारखा. त्यासाठी लागणाऱ्या वक्राचं नाव क्लोथॉइड. त्याचा गुण एकच: जेवढं अंतर पुढे जावं, तेवढी वक्रता त्याच प्रमाणात वाढते. सुरुवात शून्यापासून, सांध्यावर धक्का नाही.

हा वक्र श्टेंगेल यांनी शोधून काढलेला नाही. रेल्वेवाल्यांना तो एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. सरळ रूळ एकदम गोल वळणाला जोडला, तर डब्यातली माणसं आडवी होतात आणि रुळाच्या कडा झिजतात, म्हणून मध्ये संक्रमण-वक्र घालतात. भारतीय रेल्वे त्यासाठी क्यूबिक पॅराबोला वापरते, भाऊबंदच तो. कर्जतहून लोणावळ्याला घाट चढताना हातातला चहा सांडत नाही, त्यात त्याचाही वाटा आहे. द्रुतगती मार्गांच्या वळणांतही हेच तत्त्व असतं. श्टेंगेल यांनी रुळाच्या या जुन्या शहाणपणाला जमिनीवरून उचलून उभं केलं.

८ मे १९७६ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन या बागेत 'ग्रेट अमेरिकन रेव्होल्यूशन' सुरू झाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या वर्षी दोनशे वर्षं होत होती, म्हणून ते नाव. तिच्यातला उभा वेढा हा आधुनिक काळातला पहिला यशस्वी लूप. पोलादी नळ्यांचे रूळ, श्वार्त्सकोप्फ यांची बनावट आणि श्टेंगेल यांचं गणित. आज जगातल्या कुठल्याही बागेतला लूप लांबून पाहा, तो गोल दिसणार नाही. इतकी सवय झाली आहे, की तो गोल नाही हे कोणी सांगेपर्यंत लक्षातही येत नाही.

श्वार्त्सकोप्फ यांच्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय श्टेंगेल हे नाव कदाचित पुलांच्या आराखड्यांवर राहिलं असतं. १९२४चा जन्म. वडिलांचा बव्हेरियातल्या म्युन्स्टरहाउझेन गावाजवळ गाड्या बांधायचा कारखाना. गिऱ्हाईक कोण, तर गावोगाव फिरणारे जत्रेवाले. त्यांचे राहायचे आणि सामानाचे डबे इथे बनत. मुलाने डब्यांवरून पाळण्यांवर उडी घेतली आणि १९५७ मध्ये पहिली रोलरकोस्टर बांधली. हा माणूस कारागिराच्या जातीचा. रूळ कसा वाकवावा हे हाताला कळणारा. हाताला कळलेलं कागदावर सिद्ध करून सरकारी तपासनिसासमोर मांडायला मात्र दुसरा माणूस लागतो, आणि तो श्टेंगेल यांच्या रूपाने मिळाला. पैशाच्या बाबतीत श्वार्त्सकोप्फ यांचं गणित कच्चं असावं. ऐंशीच्या दशकात कंपनीचं दिवाळं वाजलं. पण त्यांच्या हाताखालच्या हुबर्ट गेर्स्टलाउअर यांनी त्याच गावात स्वतःचा कारखाना काढला आणि तिथून आजही जगभर कोस्टर जातात.

जत्रेचा हा वारसा आपल्याला ओळखीचा वाटावा असा आहे. आपल्याकडेही आकाशपाळणे ट्रकमधून येतात, दोन दिवसांत उभे राहतात आणि उरूस संपला की पुन्हा ट्रकमध्ये जातात. जर्मनीत अशा फिरत्या बांधकामांचा कायद्यात वेगळा वर्ग आहे. प्रत्येक पाळण्याची एक वही असते. त्यात आराखडे, आकडेमोड, तपासण्या, दुरुस्त्या सगळं नोंदलेलं. पाळणा ज्या गावी उभा राहील तिथला अधिकारी वही उघडतो, उभारणी ताडून पाहतो आणि मगच चाक फिरतं. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये १९८९ पासून दिसणारी 'ओलिंपिया लूपिंग' ही ऑलिंपिकच्या कड्यांसारखे पाच वेढे असलेली अवाढव्य कोस्टरसुद्धा फिरतीच आहे. सुटे भाग ट्रकवर लादून ती गावोगाव जाते. श्टेंगेल-श्वार्त्सकोप्फ जोडीचंच काम. नट-बोल्ट दरवर्षी उघडायचे आणि दरवर्षी लावायचे, तरी रुळाचा सांधा मिलिमीटरला जुळला पाहिजे, ही शिस्त या लोकांच्या अंगात जत्रेतून आली.

श्टेंगेल यांची दुसरी मोठी कामगिरी लूपइतकी देखणी नाही, पण मला ती जास्त हुशारीची वाटते. गाडी कुशीवर कलते किंवा गिरकी घेते, तेव्हा ती कशाभोवती फिरते? साधं उत्तर, रुळाभोवती. पण तसं केलं तर माणसाचं डोकं, जे रुळापासून चांगलं मीटर-सव्वा मीटर वर आहे, मोठ्या कमानीत भिरकावलं जातं आणि आसनाच्या कानपट्टीवर आपटतं. श्टेंगेल यांनी हिशेब उलटा केला. माणसाची छाती जिथे असेल ती रेषा आधी आखायची, तिला गुळगुळीत ठेवायचं आणि रूळ तिच्याभोवती फिरवायचा. या धंद्यात तिला हार्टलाइन म्हणतात. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला रूळ विनाकारण बाजूला गेल्यासारखा, वाकडातिकडा दिसतो. आत बसलेल्याला मात्र आपण जागच्या जागी कुशीवर वळलो असं वाटतं. हे लोक रूळ आखतच नाहीत. हवेत माणसाचा मार्ग आखतात आणि लोखंड त्याच्या मागून येतं.

याच काळात अमेरिकेत आणखी एक माणूस हेच काम वेगळ्या रीतीने करत होता आणि त्याचा उल्लेख टाळणं मला जमणार नाही. रॉन टूमर. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर. आधी अवकाशयान आणि क्षेपणास्त्रांच्या कामावर होते, १९६५ मध्ये ॲरो डेव्हलपमेंट या कंपनीत आले. 'कॉर्कस्क्रू' ही १९७५ची, माणसाला उलटं करणारी पहिली आधुनिक कोस्टर त्यांची. २०० फुटांची हद्द ओलांडणारी पहिली पूर्ण-फेरीची कोस्टर, १९८९ची 'मॅग्नम एक्सएल-२००', तीही त्यांची. आणि टूमरसाहेबांना गाडी लागायची. आपण बांधलेल्या कोस्टरमध्ये बसायचं ते शक्यतो टाळत. यावर हसू येतं खरं, पण जरा विचार केला तर यात विचित्र काही नाही. हे काम बसून बघण्याचं नाहीच. बसून फक्त एक फेरी कळते, त्या दिवसाची, त्या हवेतली, त्या आसनावरची.

आणि इंजिनियरला कळायला हव्यात सगळ्या फेऱ्या. हा भाग बाहेरच्याला सहसा कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबतो. साखळीने वर ओढलेली गाडी एकदा सुटली की तिला इंजिन नाही. पुढचा सगळा प्रवास उंचीच्या भांडवलावर. आता डिसेंबरातली पहाट घ्या. चाकांमधलं ग्रीस थंडीने घट्ट, गाडी रिकामी, समोरून वारा. अशा वेळी गाडी कुठल्या तरी टेकाडावर अडकून बसता कामा नये. मग मे महिन्यातली दुपार घ्या. ग्रीस पातळ, सगळी आसनं भरलेली, मागून वारा. आता तीच गाडी त्याच रुळावर कितीतरी जोरात धावते, आणि तरीही तळाशी कोणाच्या मानेवर ठरल्यापेक्षा जास्त भार येता कामा नये. दोन्ही टोकं एकाच आकारात बसवायची. चाकांच्या धावा कशाच्या, यानेही फरक पडतो. मऊ पॉलीयुरेथेनची चाकं कमी आवाज करतात पण वेग खातात, नायलॉनची कडक चाकं पळतात आणि खडखडतात. बागेचे मेकॅनिक ऋतू बघून चाकं बदलतात.

चाकंही एका जागी एक नसतात, तीन असतात. एक रुळाच्या वर, भार घेणारं. एक बाजूने, वळणावर धरणारं. आणि एक रुळाच्या खालून, गाडी टेकाडावर उसळली तरी तिला सुटू न देणारं. हे खालचं चाक जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने शंभर वर्षांपूर्वी आणलं, आणि ते आलं म्हणूनच टेकाडावर पोटात गोळा आणण्याची चैन परवडू लागली. तो गोळा म्हणजे आसन आपल्याखालून निघून जाणं आणि आतडी-जठर क्षणभर अधांतरी होणं. तो किती वेळ टिकवायचा हेही ठरवलेलं असतं. टेकाडाचा माथा फेकलेल्या चेंडूच्या वाटेइतका चपटा ठेवला की माणूस तरंगतो, त्याहून टोकदार केला की मांडीवरच्या दांडीला जाऊन टेकतो.

माणसाला किती भार सोसतो, हे एका आकड्यात सांगता येत नाही. त्याला वेळेची जोड लागते. खाली दाबणारा पाचपट भार अर्ध्या-पाऊण सेकंदापुरता धडधाकट माणसाला चालतो. तोच काही सेकंद राहिला तर डोक्यातलं रक्त खाली उतरून डोळ्यांपुढे राखाडी पडदा येतो. आडवा भार मान फार कमी सोसते. अमेरिकेतल्या एएसटीएम या संस्थेच्या आणि युरोपातल्या ईएन १३८१४ या मानकांत याचे आलेख आहेत, भार उभ्या अक्षावर, वेळ आडव्या. कोस्टरचा इंजिनियर त्या रेषेच्या आत राहून जास्तीत जास्त भीती वाटेल अशी जागा शोधत असतो.

ब्रेकांबद्दलही ऐका. हवेचा दाब ब्रेकला उघडं धरून ठेवतो. वीज गेली, नळी फुटली, हवा निघून गेली की स्प्रिंग त्याला मिटवते. म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबते, सुटत नाही. सगळा रूळ रेल्वेच्या सिग्नलांसारखाच टप्प्यांत वाटलेला असतो, एका टप्प्यात एकच गाडी. पुढची गाडी हलली नाही तर मागची थांबलीच पाहिजे, आणि असं थांबवणं मधल्या एखाद्या माणसाच्या लक्षावर सोडलेलं नसतं. साखळीवर चढताना जो खटक-खटक आवाज येतो, ज्याने अर्धी भीती तिथेच वाटते, तो दातेरी पट्टीवरून खुंटी सरकल्याचा. साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये म्हणून ती आहे.

या विचाराचं टोक पाहायचं असेल तर न्यू जर्सीतल्या 'किंगडा का' या कोस्टरचा नमुना होता. मे २००५ मध्ये सुरू झाली. ४५६ फूट उंच. चढावर साखळी नव्हतीच. हायड्रॉलिक यंत्र गाडीला साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटरवर नेई आणि ती सरळ उभ्या मनोऱ्यावर चढून पलीकडे उतरे. यातही श्टेंगेल यांच्या कार्यालयाचं काम होतं. आता कधी वारा, कधी थंडी, कधी यंत्राचा जोर किंचित कमी, आणि गाडी माथ्याच्या अलीकडेच थबकून मागे यायची. बातम्यांत याला अपघात म्हणण्याचा मोह होई. पण ते आधीच धरून ठेवलेलं होतं. गाडी पुढे गेली की तिच्या मागे रुळावर चुंबकी ब्रेकच्या पट्ट्या उभ्या राहत आणि मागे आलेली गाडी त्यांच्यात अडकून आपोआप मंद होई. या ब्रेकला वीज लागत नाही. धातूची पट्टी चुंबकांमधून गेली की तिच्यात भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि तेच विरोध करतात. कोस्टरवेडी मंडळी तर अशी अर्ध्यातून परतलेली फेरी मिळावी म्हणून वाट पाहत. फेब्रुवारी २०२५ मध्ये बागेने सुरुंग लावून तो मनोरा पाडला, तेव्हा त्या लोकांनी त्याचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले.

हे सगळं वाचून असं वाटेल, की गणित नीट केलं की काम झालं. तसं नाही. १४ जून १९८६ रोजी कॅनडातल्या एडमंटनच्या मॉलमध्ये, छताखाली बांधलेल्या 'माइंडबेंडर'वर शेवटच्या डब्याच्या चाकांचे बोल्ट निसटले. डबा रुळावरून बाजूला झुलू लागला आणि गाडी काँक्रीटच्या खांबावर आदळली. तीन जण गेले. ही कोस्टरही श्वार्त्सकोप्फ-श्टेंगेल परंपरेतली. वक्रात काही खोट नव्हती. खोट चाक डब्याला धरून ठेवणाऱ्या जोडात होती. नंतर डबे कमी केले, चाकांची बांधणी बदलली आणि ती कोस्टर पुढे अनेक वर्षं चालली. या धंद्यातल्या माणसाला ही तारीख माहीत असावी लागते.

जून २०२३ची गोष्ट अजून ताजी आहे. अमेरिकेतल्या कॅरोविंड्स बागेत 'फ्युरी ३२५' ही ३२५ फुटी कोस्टर. बाहेरच्या पार्किंगमधून एका माणसाने वर पाहिलं, तर एक पोलादी खांब माथ्याजवळ आरपार तडकलेला आणि गाडी गेली की रूळ हलतोय. त्याने व्हिडिओ काढला, बागेला कळवलं, मग ती बंद झाली. खांब बदलून, तपासण्या करून ऑगस्टात पुन्हा सुरू झाली. पोलाद बहुधा अति भाराने एकदम तुटत नाही. बारीक बारीक भार लाखो वेळा येऊन जोडाच्या जागी थकतं. म्हणून कोस्टर बांधणाऱ्या कार्यालयात वेल्डिंगच्या थकव्याचा हिशेब करणारा माणूस लूप आखणाऱ्याइतकाच महत्त्वाचा, आणि त्याच्या हिशेबातून ठरतं की कुठला जोड दर किती महिन्यांनी रंग खरवडून, लोहचूर्ण टाकून तपासायचा.

आणि हिशेबच झाला नसेल तर? कॅन्सस सिटीतल्या एका जलउद्यानात २०१४ मध्ये जगातली सर्वांत उंच पाण्याची घसरगुंडी उभी राहिली, १६८ फुटांची. ७ ऑगस्ट २०१६ रोजी तिच्यावर एक दहा वर्षांचा मुलगा गेला. चाचणीत वाळूच्या पोत्यांचे तराफे हवेत उडाले होते, तरी माणसं बसवली गेली होती. पुढे दाखल झालेल्या आरोपपत्रात असं म्हटलं होतं, की रचना करणाऱ्यांपैकी कोणाकडेही अभियांत्रिकीची पात्रता नव्हती. खटला नंतर तांत्रिक कारणावरून रद्द झाला. घसरगुंडी पाडून टाकली. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल, तर १४ जुलै २०१९, अहमदाबादचं कांकरिया. लंबकासारख्या झुलणाऱ्या पाळण्याची मुख्य नळी तुटली, दोन जण गेले आणि अनेक जखमी झाले.

महाराष्ट्राची या विषयाशी ओळख १९८९ मध्ये गोराईच्या एस्सेल वर्ल्डने करून दिली. होडीतून जायचं, हे त्यातलं निम्मं आकर्षण. खऱ्या अर्थाने जागतिक दर्जाची कोस्टर आली ती २०१३ मध्ये, खोपोलीच्या इमॅजिकात. तिथली 'नायट्रो' सुमारे ४० मीटर उंच, बनवणारी स्वित्झर्लंडची बोलिगर अँड मॅबिलार. ही कंपनी वॉल्टर बोलिगर आणि क्लोद मॅबिलार या दोन इंजिनियरांनी १९८८ मध्ये काढली. गर्जना करणारे चौकोनी पोलादी कणे आणि रेशमासारखी गिरकी, ही यांची ओळख. हे कणे आतून पोकळ असतात म्हणून घुमतात. शेजाऱ्यांना त्रास व्हायचा असेल तिथे त्यात वाळू भरतात. खोपोलीत शेजारी डोंगरच असल्याने तो प्रश्न नसावा. नायट्रोच्या खाली उभं राहून पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते. फलाटाची जमीन सुटण्याआधी खाली जाते, पाय लोंबकळू लागतात आणि बसलेली सगळी माणसं एकदम पाय पोटाशी घेतात. पाय कशालाही लागणार नाहीत, हे आधी चौकट फिरवून तपासलेलं असतं. हात ताणला, पाय ताणले तर माणूस जिथवर पोचेल त्या मापाची चौकट बांधकामानंतर गाडीवर बसवून सगळ्या रुळावरून ओढतात. ती कुठे घासली तर तिथला खांब हलवतात.

माणसं बसण्याआधी पुतळे बसतात. प्लॅस्टिकचे, पोटात पाणी भरलेले, माणसाच्या वजनाचे. त्यांच्यासोबत मोजयंत्रं. आलेख कागदावरच्या गणिताशी जुळेपर्यंत आठवडेच्या आठवडे माणसांविना गाडी फिरते. मग कोणीतरी पहिल्यांदा बसतं.

दिवाळीच्या सुट्टीत बारावीच्या मुलाने "मला कोस्टर डिझायनर व्हायचंय" म्हटल्यावर घरात काय होईल याची कल्पना आहे. तर उत्तर असं. त्याची वेगळी पदवी शोधत बसू नका. स्थापत्य घ्या, मेकॅनिकल घ्या, किंवा कंट्रोल्स करायचे असतील तर इलेक्ट्रिकल. धंदा छोटा आहे. जगातले मोठे कारखाने बोटांवर मोजता येतील एवढे: स्वित्झर्लंडात बोलिगर-मॅबिलार, लिक्टेनश्टाइनमध्ये इंटामिन, नेदरलँड्समध्ये व्हेकोमा, जर्मनीत गेर्स्टलाउअर आणि १७८० पासून गाड्या बांधणारं माक घराणं, अमेरिकेत आयडाहोतली रॉकी माउंटन. यातल्या बहुतेकांचे कर्मचारी आपल्याकडच्या एखाद्या मध्यम इंजिनियरिंग कॉलेजच्या स्टाफपेक्षा जास्त नसतील. दिवसभर करायचं काय, तर संगणकावर पोलादाच्या जोडावरचे ताण काढायचे, वेल्डिंगच्या आकृत्या तपासायच्या, मानकातलं कलम शोधायचं, तपासनिसाच्या प्रश्नांना लेखी उत्तरं द्यायची. वर्षा-दोन वर्षांतून एकदा परदेशातल्या चिखलात उभं राहून खांबांचे बोल्ट मोजायचे. आकृती काढून वेढे-गिरक्या सुचवण्याचं काम, ज्यासाठी मुलं इथे येतात, ते अगदी थोड्यांच्या वाट्याला येतं आणि तेही बरीच वर्षं जोड तपासल्यावर.

श्टेंगेल यांना २००५ मध्ये स्वीडनमधल्या गोटेनबर्ग विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. शहरातल्या लिसेबर्ग बागेत त्यांची 'बाल्डर' ही लाकडी कोस्टर २००३ पासून आहे. हे लाकूड सुतारांनी जागेवर ठोकलेलं नाही, कारखान्यात यंत्राने काटेकोर कापून आणून जोडलेलं. त्याच विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक ॲन-मारी पेंड्रिल वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना या बागेत आणून पाळण्यांवरच यांत्रिकी शिकवत आल्या, आणि लूपच्या आकारांवर त्यांनी निबंधही लिहिले.

आपल्याकडे हे कोणी केलं तर साहित्य खिशातच आहे. प्रत्येक मोबाइलमध्ये त्वरणमापक असतो. आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे ॲप फुकट मिळतं. बागेने परवानगी दिली, तर फोन चेन असलेल्या खिशात घट्ट बंद करून बसायचं आणि घरी येऊन आलेख उघडायचा. फलाटावर उभे असताना ९.८. साखळीवर तसाच, थोडा थरथरता. पहिल्या उतारावर रेषा शून्याकडे झुकते, तो गोळा. तळाशी ती तीस-चाळीसपर्यंत चढते. लूपमध्ये शिरताना एक टेकडी, माथ्यावर दरी, बाहेर पडताना दुसरी टेकडी. या टेकड्यांच्या बाजू पाहायच्या. त्या उतरत्या असतील तर तिथे क्लोथॉइड आहे. १८९५च्या फ्लिप फ्लॅपवर असा फोन नेता आला असता, तर त्या जागी सरळ उभी भिंत दिसली असती.